हक्कसोड

"मॅडम, लग्नाआधी मला हक्कसोडपत्र करायचंय. माझा हिस्सा भावाला."

शिवाजीनगर कोर्टात हे वाक्य एरवी भावाच्या तोंडून ऐकू येतं. बहीण मागे गप्प बसलेली असते. इथे मुलगीच बोलत होती. मुळशीकडची दोन घरं, बांधाला बांध. बांध कोरल्याचा दावा आजोबांपासूनचा, मोजणी झाली की हद्दीचे दगड रातोरात सरकणार. त्यात रिंगरोडचं भूसंपादन आलं आणि बांधालगतची पट्टी कुणाची हेच ठरेना, म्हणून तिचा मोबदला अडकला. अशात या घरची मुलगी आणि त्या घरचा मुलगा.

आळंदीत एका दिवसात लग्न लागतं. आमच्यातले काही वकील तर त्याचं पॅकेज देतात, असो. हिला मात्र विशेष विवाह कायदाच हवा होता. ३० दिवस नोटीस लागते, गावभर कळेल, असं मी सांगितलं. "कळू दे की," म्हणाली.

अशा जोडप्यांना मी वेगवेगळं बसवून विचारते. घरात कोण कोण, कुणाला कसला आजार, कर्ज किती. दोघांनी सगळं अचूक सांगितलं. पण त्यावरून काय कळणार? भांडणातल्या घरांना समोरच्यांची म्हैस कधी व्याली तेही ठाऊक असतं.

हक्कसोडीवरून मी तिला झापलंच. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क आहे. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातली उरलीसुरली शंकाही मिटवली. दोघं हिंदू असतील तर विशेष विवाह कायद्याने लग्न करूनही तो हक्क जात नाही. एवढं असून बायका राखीपौर्णिमेच्या साडीवर सह्या करून मोकळ्या होतात!

तेवढ्यात मुलगा म्हणाला, "मॅडमचं बरोबर आहे. नको सोडूस."

आणि माझ्या डोक्यात पाल चुकचुकली. सल्ला माझाच, पण त्याच्या तोंडून आला तर मला त्यात मोबदला दिसला. "सोडून दे" म्हणाला असता तर मी त्याला भला माणूस म्हटलं असतं, आणि नुकसान मुलीचं झालं असतं.

मुलीच्या वडिलांनी हरकत घेतली: पोरगा जमिनीसाठी गळ टाकतोय. हरकत फक्त विशेष विवाह कायद्याच्या कलम ४ वरून घेता येते, आणि त्यात वय, आधीचं लग्न, मानसिक स्थिती, निषिद्ध नातं एवढंच येतं. हरकत टिकली नाही, लग्न झालं. हक्कसोडीचा मसुदा ती घेऊन गेली; सही केली का, ते कळवलं नाही.

परवा मोबदल्याच्या कागदांसाठी फोन आला. त्याचा.

"तिला द्या फोन," मी म्हटलं.

"इथेच आहे की, स्पीकरवर."