खाऱ्या हवेत वायरलेस चार्जिंग: माझा अनुभव

मालवणात घर किनाऱ्याला लागून असलं की पावसाळ्यात फोनच्या पोर्टमध्ये ओल धरते. स्क्रीनवर ओलाव्याची सूचना येते आणि चार्जिंग थांबतं. तरीही केबल लावत राहिलं तर मीठ, ओल आणि वीज एकत्र येऊन पिना हिरवट-काळ्या पडतात. म्हणून मी वायरलेस पॅड घेतलं, म्हणजे फोन नुसता वर ठेवला की पोर्टात केबल न लावता चार्ज करणारं. त्याचा वेग केबलपेक्षा कमीच, पण पोर्ट वाचतं, आणि किनाऱ्यावर हेच महत्त्वाचं.

पॅडमध्ये तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं. त्यातल्या विजेची आवर्तनं सेकंदाला लाखाच्या वर होतात. त्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि फोनमधल्या वेटोळ्यात वीज उपजते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व हेच. फोन ठेवला की आधी पॅड हलका स्पंद पाठवतं, फोन उत्तर देतो, किती वीज हवी ते सांगतो, आणि मगच चार्जिंग सुरू होतं.

पहिली अडचण आली अडॅप्टरची. दुकानात सांगितलं होतं, कुठलाही चालेल. ५ व्होल्ट, १ अँपिअरचा जुना अडॅप्टर लावला तर पॅडचा दिवा लुकलुकायचा आणि चार्जिंग सुटायचं. २० वॅटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जास्त वीज देऊ शकणारा) अडॅप्टर लावल्यावर ते थांबलं. नंतर कव्हरच्या मागची बोटात अडकवायची धातूची रिंग काढली. चुंबकीय क्षेत्रात धातू तापतो, आणि बरीच पॅड धातू ओळखून बंदच पडतात. कव्हरमध्ये एटीएम कार्डही ठेवू नका.

जागा नेमकी लागते. दोन्ही वेटोळी समोरासमोर हवीत, मधलं अंतर साधारण पाच मिलिमीटरच्या आत. फोन बोटभर सरकला तरी सकाळी बॅटरी अर्धीच भरलेली दिसते. चार्जिंग सर्वांत चांगलं होतं ती जागा सावकाश सरकवून शोधली आणि फोनच्या कडेला लागून पॅडवर नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले. नवीन घेणार असाल तर खोक्यावर ‘ची २’ (Qi2) या वायरलेस चार्जिंगच्या मानकाची खूण बघा. २०२३ मध्ये आलेल्या या प्रकारात चुंबक असतात, फोन आपोआप जागेवर बसतो. मात्र फोनमध्ये किंवा त्याच्या कव्हरमध्येही चुंबक हवेत.

मे महिन्यातला उकाडा वेगळाच. जवळजवळ पाव वीज उष्णतेत जाते, फोन तापला की तो स्वतःच वेग कमी करतो किंवा थांबतो. जांभ्या दगडाच्या खिडकीत ऊन येतं, तिथे पॅड नकोच, गादीवरही नको. मी लाकडी फळीवर, पंख्याखाली ठेवतो. लाईट गेली की पॅड विसरा, पॉवर बँकेला थेट केबल लावा. नाहीतर साठवलेली वीज फुकट तापण्यात जाईल. मात्र त्याआधी पोर्ट कोरडं असल्याची खात्री करा.

एक गोष्ट उशिरा कळली. पॅडची केबल कायम लावलेली असते, त्यामुळे खारी हवा त्या जोडावरच गंज चढवते. म्हणून केबल पॅडला जोडूनच येते, असं पॅड घ्या.

टॅब्लेटचं म्हणाल तर बहुतेकांत हे वेटोळंच नसतं, आयपॅडमध्येही नाही. तिथे पोर्ट नीट सुकवून केबलच लावायची.