ठकीला जिन्यापर्यंत फिरवून आणलं

बर्लिनच्या नॉयक्योल्न भागात आमची जुनी इमारत आहे आणि तिच्या मागच्या अंगणात रिकाम्या बाटल्या टाकायचे डबे आहेत. माझी कुत्री ठकी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तिला घेऊन दाराबाहेर पाऊल टाकायला आणि कुणीतरी पिशवीभर बाटल्या त्यात ओतायला एकच गाठ पडली. खळ्ळकन आवाज झाला. ठकी फरशीला चिकटली. शेपटी पोटाखाली, डोळ्यांच्या पांढऱ्या कडा दिसायला लागलेल्या. मग एकदम मागे मागे सरकत ती हार्नेसमधून, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्यांमधून, निम्मी बाहेर आली. मी तिथेच गुडघ्यांवर बसून तिला कवटाळलं म्हणून आम्ही वाचलो.

ठकी मूळची रुमेनियाची. तिथे रस्त्यावरून पकडलेलं कुत्रं कामकाजाच्या १४ दिवसांत कुणी नेलं नाही तर मारायची मुभा देणारा कायदा २०१३ साली झाला. अशी बरीच कुत्री जर्मनीत दत्तक येतात. चिप, रेबीजची लस, लशीनंतर २१ दिवस थांबणं, पासपोर्ट असा सगळा साग्रसंगीत कारभार असतो. शिवाय बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्यामागे वर्षाला १२० युरो कर. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, कुत्र्यालाही घरपट्टी?"

बाटल्यांच्या प्रकारानंतर पहिली खरेदी केली ती तीन पट्ट्यांच्या हार्नेसची. तिसरा पट्टा बरगड्यांच्या मागे, कमरेशी येतो, त्यामुळे कुत्र्याला मागे सरकून निसटणं अवघड जातं. एक दोरी हार्नेसला, दुसरी गळ्यातल्या पट्ट्याला. घाबरलेलं कुत्रं पळालं की हाक मारून परत येत नाही, हे इथे सगळेच बजावतात.

दुसरा खर्च प्रशिक्षक बाईंचा. मला वाटलं होतं, काहीतरी युक्त्या शिकवतील. त्या म्हणाल्या, दहा दिवस फिरायला नेऊच नका. शी-शूसाठी अंगणात, तेही सामसूम असताना, आणि लगेच घरी.

हे पचायला जड गेलं. पण मग मला आमच्या साताऱ्याच्या आळीतला लाल्या आठवला. दारोदार भाकरी खाणारा, कुणाचाच नसलेला. त्याला कधी कुणी 'फिरायला' नेलं नाही. फटाके वाजले की तो देवळामागे, वरातीचा बँड आला की पलीकडच्या बोळात. भीतीपासून किती लांब जायचं हे त्याचं तो ठरवायचा. ठकीही तशीच रस्त्यावर वाढलेली. तिच्या गळ्यात दोरी अडकवून मी तिची तेवढी एकच सोय काढून घेतली होती, आणि वर म्हणत होते, "चल गं, काही नाही होत."

मग आमचं फिरणं म्हणजे जिना. तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर, तिथे पाच मिनिटं बसायचं, परत वर. खिशात लेबरवुर्स्टची ट्यूब. हे लिव्हरचं मऊ सॉसेज, वास असा की जॅकेट दोनदा धुवावं लागतं. यातली मेख क्रमात आहे. आधी आवाज, मग खाऊ. मी सुरुवातीला उलटं करायचे. ठकीला दिसायच्या आधीच मला समोरून माणूस दिसला की घाईघाईने ट्यूब काढायचे. तीन दिवसांत ठकी ट्यूबचं झाकण उघडल्याच्या आवाजालाच दचकायला लागली! तिच्या लेखी ट्यूब म्हणजे संकटाची वर्दी.

खाऊ घेतला नाही तर समजायचं की आपण फार जवळ आलोय. मुकाट्याने मागे फिरायचं. एका शेजाऱ्यांनी ऐकवलं की घाबरल्यावर जवळ घेतलंत तर भीती वाढते. बाईंनी ते उडवून लावलं. भीती हा काही लाड करून बिघडणारा हट्ट नव्हे, ती तुमच्या पायाशी आली तर येऊ द्या.

खरी डोकेदुखी इतर कुत्र्यांच्या मालकांची. मोकळं सोडलेलं धूड आमच्याकडे झेपावत येतं आणि लांबून आवाज येतो, "देअर टूट निक्स!" म्हणजे आपलं "चावत नाही हो तो!" दोरीला पिवळी फीत बांधली, तिचा अर्थ 'जरा लांब राहा'. तर एका आजोबांनी विचारलं, ही कुठल्या पक्षाची?

आता आम्ही पहाटे टेंपेलहोफला जातो. २००८ साली बंद पडलेला हा विमानतळ २०१० पासून सगळ्यांसाठी खुलं मैदान आहे. तिथे लांबूनच माणूस दिसतो, त्यामुळे वळायला वेळ मिळतो. पाच मीटरची दोरी ढिली सोडून मी तिच्या मागे चालते. एकेका गवताच्या झुबक्यापाशी ती तीन-तीन मिनिटं नाक खुपसून असते. अर्ध्या तासात आम्ही जेमतेम दोनशे पावलं जातो. पतंगवाले यायच्या आत परत. एखादा दिवस वाईट गेला तर दुसऱ्या दिवशी मैदान बंद, फक्त जिना.

मागच्या आठवड्यात अंगणातून जाताना पुन्हा बाटली फुटली. ठकी थबकली, कान मागे गेले, आणि तिने वळून माझ्या खिशाकडे पाहिलं. मी ट्यूब काढली, तिने चाटली. दुसरी बाटली फुटल्यावर मात्र ती जिन्याकडे वळली. मीही वळले.

रात्री आईने विचारलं, "काय, आज कुठवर?"

"बाटल्यांच्या डब्यापर्यंत."

"बरंच की," आई म्हणाली.