आमची वाटचाल : निंबोळी तेल, साबणाचे पाणी आणि एक वही

आमचा व्यवसाय नर्सरीचा नव्हे, आणि ‘पेस्ट कंट्रोल’ म्हटले की लोक झुरळे व वाळवी दाखवू लागतात, म्हणून प्रत्येक नव्या ग्राहकाला आम्ही नेमके काय करतो हे पहिल्यापासून सांगावे लागते. सोलापुरातील घरे, दवाखाने आणि कार्यालये यांमधील कुंड्यांवरचा पिठ्या ढेकूण, मावा, पांढरी माशी, खवले कीड आणि लाल कोळी जहाल रसायनांशिवाय आटोक्यात ठेवणे, एवढेच आमचे काम. नोंदणीकृत निंबोळी तेल आम्ही विकत घेतो आणि साबणाच्या पाण्यातील त्याचे द्रावण ग्राहकाच्या घरीच, त्याच्या डोळ्यांदेखत तयार करतो. बाटल्या भरून विकत नाही. कीटकनाशक विकायचे तर १९६८ च्या कायद्याखाली नोंदणी आणि परवाना लागतो; हा नियम सर्वांना सारखा लागू असता तर या लेखातील निम्मा मजकूर लिहावा लागला नसता.

सुरुवातीचे भांडवल म्हणजे वडिलांचा एक लिटरचा पितळी हातपंप. ते द्राक्षबागांत फवारणीला जात आणि मोठा पंप पाठीवर घेत. हा लहान पंप घरच्या तुळशीपुरता होता. त्याचा फवारा अजूनही धुक्यासारखा बारीक पडतो, कारण त्याच्या नोझलमध्ये आम्ही कधी तार किंवा सुई घातलेली नाही. तारेने छिद्र मोठे होते, थेंब जाड पडतात आणि पानावर न थांबता ओघळून जातात. नोझल कोमट पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासावे, तोंडाने फुंकू तर मुळीच नये. दुसरे साधन दहा पट मोठे दाखवणारे भिंग. लाल कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात, आणि तो जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतो. त्यामुळे पान पांढऱ्या कागदावर झटकून पडलेले ठिपके चालू लागतात का, हे पाहिल्याशिवाय आम्ही पंपाला हात लावत नाही. तिसरे साधन खास सोलापूरचे. येथील कारखान्यांतून टेरी टॉवेलच्या कडांचे तुकडे मिळतात, आणि पिठ्या ढेकणाचा मेणचट कापूस पुसून काढण्यासाठी त्यांच्याइतके चांगले फडके मला अन्यत्र सापडलेले नाही.

आमच्या पहिल्या ग्राहक रेल्वे लाइन्स भागात राहणाऱ्या, विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांच्या जाळी लावलेल्या गॅलरीत नव्वद कुंड्या होत्या. जास्वंद आणि क्रोटन पांढरे पडले होते, खालच्या पानांवर काळी काजळी धरली होती. तीन महिने त्या फवारत होत्या आणि ढेकूण परत येत होता. मी आधी मुंग्या शोधल्या. पिठ्या ढेकूण गोड, चिकट स्राव सोडतो, मुंग्या त्यासाठी त्याला जपतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावतात. काजळी त्याच चिकट्यावर वाढते. कुंड्यांच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवून वाटीत साबणाचे दोन थेंब टाकले, तेव्हा कुठे आमच्या कामाला अर्थ आला.

त्याच गॅलरीत मी क्रिप्टोलिमस या ढालकिड्याच्या अळ्या सोडल्या. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा भुंगेरा पिठ्या ढेकूण खाऊन जगतो, परंतु त्याची अळीही तशीच पांढरी आणि मेणचट दिसते. चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला, “अरे, तू तर आणखी ढेकूण आणून सोडलेस की! सगळे पुसून काढले मी.” आमच्याच टॉवेलच्या तुकड्याने! ढेकूण जागचा फारसा हलत नाही आणि अळी झपाझप चालते, हे मी आधी सांगायला हवे होते. बाईंनी दुसऱ्या खेपेचे पैसे स्वतः दिले आणि पुढे महिनाभर भिंग घेऊन अळ्या मोजल्या. मित्रकीटक सोडलेल्या झाडावर त्या काळात साबण किंवा तेल फवारू नये, हेही येथेच नोंदवून ठेवतो.

आता आमचे सर्वांत मोठे काम गेले त्या मे महिन्याविषयी. एका कार्यालयातील एकशे चाळीस कुंड्यांचे काम आमच्याकडे होते आणि आमचे निम्मे उत्पन्न त्यातून येई. आम्हाला वेळ मिळे ती दुपारच्या सुट्टीची. पारा ४२ अंशांच्या पुढे, झाडे पश्चिमेच्या काचांजवळ, नळाला पाणी नाही, म्हणून मदतनिसाने पंप बोअरच्या पाण्याने भरला. बोअरच्या क्षारयुक्त, जड पाण्यातील कॅल्शियमशी संयोग होऊन साबणाचे पांढरे गोळे झाले, आणि साबणच उरला नाही म्हटल्यावर तेल पाण्यात मिसळलेच नाही. पंपाची नळी तळातून ओढते व तेल वर तरंगते; त्यामुळे पहिल्या झाडांना नुसते पाणी मिळाले आणि शेवटच्यांना जवळजवळ निव्वळ तेल. चार दिवसांत नेचे, पीस लिली आणि कॅलेथिया यांची पाने कडेने करपली. अडतीस झाडे आम्ही पदरमोड करून बदलून दिली, बिल मिळाले नाही, काम गेले. चूक आमची होती, हे मी तेव्हाही कबूल केले.

आठवड्याभरात तेथे दुसरे एक गृहस्थ आले. त्यांच्या बाटलीवर घटकांचे नाव नव्हते, केवळ ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असे छापलेले होते. रात्रीत मेलेले ढेकूण कागदावर गोळा करून त्यांनी साहेबांना दाखवले आणि कडुनिंबाने कधी कीड मरते का, असे आमच्याविषयी विचारले. निंबोळीतील ॲझाडिरॅक्टिन कीड एका रात्रीत मारत नाही, ते तिचे खाणे आणि कात टाकणे बिघडवते. हे समजावायला दोन आठवडे लागतात आणि मेलेला ढेकूण दाखवायला दोन मिनिटे. दिवाळीत आमचा मदतनीस त्यांच्याकडे गेला. जाताना ग्राहकांची वही घेऊन गेला, ज्यात प्रत्येक घरच्या कुंड्या, कीड, फवारणीच्या तारखा आणि कोणत्या झाडाला काय सोसत नाही, हे सारे माझ्या अक्षरात लिहिलेले होते.

त्या दिवसांत बाईंचे एकटीचे काम आमच्याकडे उरले होते. पाण्याचा दोष पक्का करून दाखवला तोही त्यांनीच. तीन काचेच्या बरण्यांत बोअरचे, नळाचे आणि गच्चीवर साठवलेले पावसाचे पाणी घेऊन त्यांनी प्रत्येकीत सारखाच साबण टाकला आणि हलवल्या. बोअरच्या बरणीत दही फाटल्यासारखे झाले, पावसाच्या पाण्यात फेस टिकून राहिला. तेव्हापासून प्रत्येक कामाआधी आम्ही ही बरणी हलवतो आणि पावसाचे किंवा आरओचे पाणी बरोबर नेतो. पुढच्या उन्हाळ्यात त्या कार्यालयातील झाडांवर लाल कोळ्यांची जाळी धरल्याचे कानावर आले. जहाल औषधाने कोळ्यांना खाणारे शत्रू आधी मरतात आणि कोरड्या उन्हात कोळ्यांची पिढी आठवड्या-दीड आठवड्यात तयार होते, एवढेच मी त्यावर म्हणेन.

त्यानंतरची वर्षे कामाची गेली. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरोघरी कुंड्या वाढल्या, आम्हीही वाढलो.

विचारले नसले तरी सांगतो. भांडी घासण्याचा द्रव म्हणजे साबण नव्हे. पोटॅशचा मऊ साबण वापरावा. लिटरभर पाण्यात आधी साबण, मग पाच मिलिलिटर तेल, आणि द्रावण त्याच दिवशी संपवावे. फवारणी सूर्य कलल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने, आधी एका पानावर करून पाहावी. अंडी यातून वाचतात, म्हणून सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा केल्याशिवाय गुण आला नाही असे म्हणू नये. नवे रोप पंधरा दिवस वेगळे ठेवावे, मग ते कितीही विश्वासाच्या माणसाने दिलेले असो.

नव्या वहीत आज पहिल्यापेक्षा अधिक घरे आहेत, तिच्या पहिल्या पानावर बाईंच्या नव्वद कुंड्या आहेत. जुनी वही मी दोनदा निरोप पाठवून मागितली. ती अजून परत आलेली नाही.