पांढऱ्यावर पांढरं

आमच्या मामांची निफाडला द्राक्षाची बाग आहे, तिकडे डिसेंबरात आभाळ भरून आलं की थंडी एका रात्रीत पळते. ढग म्हणजे गोधडी, जमिनीची ऊब वर जाऊच देत नाही. पण उन्हाळ्यात तोच ढग छत्री होतो. मग उत्तर ध्रुवाकडच्या समुद्री बर्फावर तो नेमका काय होतो, हे बघायला नासानं २०२४ च्या उन्हाळ्यात विमानं धाडली, मोहीम आर्कसिक्स, मुक्काम वायव्य ग्रीनलंडमधला पिटुफिक तळ, जुनं नाव थुले. दोन दिवस तेच वाचतोय.

मला वाटायचं ढगानं ऊन अडवलं, बर्फ वाचला, विषय संपला. पण ताजा हिम पडलेला बर्फ स्वतःच ऐंशी टक्क्यांच्या वर ऊन परत फेकतो, त्याला छत्री धरून मिळणार काय, तिथे गोधडीच भारी पडते. बर्फ वितळून मधे काळं पाणी उघडं पडलं की मात्र ते जवळजवळ सगळं ऊन पिऊन टाकतं, आणि तिथे तोच ढग छत्री! म्हणजे ढगाला चांगलं-वाईट म्हणायच्या आधी त्याच्या खाली काय आहे ते बघा.

त्यात एरोसोलची, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांची, भानगड. ढगाचा प्रत्येक थेंब हवेतल्या कुठल्यातरी कणावर धरतो, समुद्राचं मीठ, वणव्याचा धूर, काहीही. पाणी तेवढंच आणि कण जास्त, तर थेंब बारीक नि ढग जास्त पांढरा. तिकडची हवा बऱ्याचदा इतकी स्वच्छ की थोड्या कणांनीही फरक पडतो. शून्याच्या खालीही ढगातलं पाणी बराच वेळ पाणीच राहतं, धुळीसारखा योग्य कण भेटला की गोठतं, हे मी अक्षरशः दोनदा वाचलं.

सॅटेलाइट आहेत की, विमानं कशाला? अहो, पांढऱ्या बर्फावर पांढरा ढग, वरून काय कप्पाळ दिसणार! म्हणून एक विमान वरून लायडर, म्हणजे लेसरचा झोत, मारायचं आणि पी-३, जे मुळात पाणबुड्या शोधायला बनवलेलं धूड आहे, ते ढगाच्या पोटाखाली शिरायचं, पाठीवर एक सेन्सर नि पोटाला एक, वरून ऊन किती येतंय, खालून किती परत जातंय.

काल मामांना फोनवर हे सगळं सांगितलं, विचारलं, ढग छत्री का गोधडी? म्हणाले, "आमच्यासाठी भुरी रोग. ठेव आता, फवारणीला जायचंय."