तुम्ही विचारलंत म्हणून: सबमरीनर, सीमास्टर की ब्लॅक बे?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवणे बरे. प्रश्न साधारण असा असतो: संग्रहात एक उत्तम डाइव्ह वॉच, म्हणजे पाण्याखाली वापरायचे घड्याळ, हवे आहे, रोलेक्सचे सबमरीनर, ओमेगाचे सीमास्टर डायव्हर ३०० एम आणि ट्यूडरचे ब्लॅक बे फिफ्टी-एट ही तिन्ही पाहून झाली आहेत, पैशांची जुळवाजुळवही होते आहे, पण मन ठरत नाही. तुम्ही काय घेतलेत आणि का? मी ब्लॅक बे फिफ्टी-एट घेतले, म्हणजे तिघांतले सर्वांत स्वस्त. पण पैसे वाचवणे हे त्यामागचे कारण नव्हते. माझी निवड ठरली ती पाण्यावरून आणि मनगटावरून, आणि ती कशी ठरली हे सांगितल्याशिवाय नुसत्या नावाचा तुम्हाला उपयोग होणार नाही.

माझी नोकरी पंपांच्या कारखान्यात गेली आणि तिथली बहुतेक वर्षे मी सीलचेच, म्हणजे सांध्यांतून होणारी गळती अडवणाऱ्या भागांचेच, काम पाहिले. रबराची एक साधी ओ-रिंग कोरडी बसवली, खाचेत किंचित पिळली गेली किंवा जुनी झाली म्हणून कडक पडली, तर मोठमोठे पंप गळू लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. तरीही स्वतःच्या घड्याळाच्या बाबतीत मी ते विसरलो. पंचेचाळिशी उलटल्यावर मी स्कूबा शिकायला तारकर्लीला गेलो, तेव्हा माझ्या हातात एक जुने, दुसऱ्याकडून घेतलेले स्टीलचे घड्याळ होते. त्याच्या तबकडीवर २०० मीटर असे स्पष्ट लिहिलेले होते. काही महिन्यांपूर्वीच मी ते शहरातल्या एका दुकानातून साफ करून आणले होते. पहिली बुडी मारून होडीत परत चढलो, वरचे ऊन मनगटावर पडले आणि काचेच्या आतल्या बाजूला, सहाच्या आकड्याजवळ, नखाएवढा धुक्याचा ठिपका उमटला. पाहता पाहता तो पसरत तारखेच्या चौकटीपर्यंत गेला. मागचे झाकण उघडले गेले होते, पण त्याखालचे रबरी सील, म्हणजे गॅस्केट, बदलले गेले नव्हते. खोली जेमतेम आठ मीटर होती.

त्या दिवसापासून तबकडीवरच्या मीटरच्या आकड्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एक बार, म्हणजे हवेच्या दाबाइतका, दाब वाढतो, म्हणून २०० मीटर म्हणजे वीस बार. हौशी पाणबुड्याचा पहिला अभ्यासक्रम १८ मीटरपर्यंतचा असतो आणि पुढच्या प्रशिक्षणानंतरही मर्यादा ४० मीटरची. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी २०० आणि ३०० मीटर यांतल्या फरकाला काहीही अर्थ नाही. अर्थ आहे तो आतली सील आज कशी आहे याला. डाइव्ह वॉचसाठी आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार घड्याळ किमान १०० मीटरचे असावे लागते आणि नमुन्यादाखल निवडलेल्या चारदोन घड्याळांचीच नव्हे, तर प्रत्येक घड्याळाची लिहिलेल्या खोलीपेक्षा पंचवीस टक्के जास्त दाबावर चाचणी घ्यावी लागते. पाणी आत शिरले का, हे पाहण्याची पद्धत तर फारच साधी आहे: घड्याळ चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत तापवायचे, काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि मिनिटभराने तो पुसून काचेच्या आत धुके धरले आहे का ते पाहायचे. तारकर्लीच्या होडीत उन्हाने आणि समुद्राच्या पाण्याने मिळून माझ्या घड्याळाची नेमकी हीच चाचणी घेतली होती.

सील समजणाऱ्या माणसाला या घड्याळांच्या इतिहासात सर्वांत जास्त कुणाचा हेवा वाटत असेल, तर तो ब्लांपँ या स्विस कंपनीच्या फिफ्टी फॅदम्स या घड्याळाचा. तुमच्या यादीत ते नाही, तरी त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या वेळी कंपनीची सूत्रे सांभाळणारे जाँ-जाक फीख्तर स्वतः पाण्यात उतरणारे होते आणि फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एका बुडीत वेळेचे भान सुटून त्यांच्या टाकीतली हवा संपली होती. पाण्याखाली माणसाला काय हवे असते, हे त्यांनी त्या प्रसंगातून ओळखले. त्याच सुमारास फ्रान्सच्या पाण्याखाली उतरून लढणाऱ्या सैनिकांचे पथक उभे करणारे रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो आपल्या माणसांसाठी घड्याळ शोधत होते, आणि १९५३ साली हे घड्याळ तयार झाले. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर.

त्यात फीख्तर यांनी केलेल्या दोन गोष्टी मला आजही हातात घेऊन पाहाव्याशा वाटतात. मागचे झाकण स्क्रूसारखे फिरवून घट्ट करताना त्याखालची ओ-रिंग पिळली जाते, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणून त्यांनी तिला स्वतंत्र खाच दिली आणि वरून धातूची एक चकती बसवली, म्हणजे झाकण चकतीवर फिरते आणि रिंग जागच्या जागी राहते. ज्यांनी कधी सील बसवले आहे त्यांना या एका चकतीमागचा विचार लगेच कळेल. दुसरी गोष्ट किल्लीची, म्हणजे वेळ लावण्यासाठी बाजूला असलेल्या बटणाची. तिला त्यांनी एकाऐवजी दोन सील दिली, जेणेकरून बुडीच्या मध्येच किल्ली चुकून ओढली गेली तरी आतले सील पाणी अडवील. रोलेक्सने हाच प्रश्न किल्ली केसवर, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचावर, स्क्रूने घट्ट बसवून १९२६च्या ऑयस्टर घड्याळात सोडवला होता आणि सबमरीनर हे त्याच परंपरेतले, तेही १९५३चेच. दोन्ही मार्ग बरोबर होते. आज बाजारात दिसणारे जवळजवळ प्रत्येक डाइव्ह वॉच या दोघांच्या ऋणात आहे, आणि त्यांतले बेझल, म्हणजे काचेभोवतीचे फिरते कडे, तेही तिथूनच आलेले आहे.

बेझलबद्दल दोन शब्द सांगतो, कारण घड्याळ निवडताना लोक तेच सर्वांत कमी तपासतात. पाण्यात शिरताना बेझलवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, म्हणजे किती मिनिटे गेली ते थेट वाचता येते. आजचे बेझल एकाच दिशेने फिरते, तेही विचारपूर्वक: चुकून धक्का लागलाच तर ते गेलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवील, कमी दाखवणार नाही, आणि माणूस वेळेआधी वर येईल. आता बहुतेक पाणबुड्यांच्या हातात डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारे यंत्र, असतो आणि असायलाच हवा. घड्याळ त्याच्या जोडीला. पण मुर्डेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाजवळ, पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा थांबा, करताना, दुसऱ्या हाताने दोर धरलेला असताना, मी अजूनही बेझल फिरवतो आणि काटा त्या तीन रेघा ओलांडताना पाहतो. त्या तीन मिनिटांत घड्याळ आणि मी एकमेकांच्या खरोखर उपयोगी पडतो.

आता तुमची तीन घड्याळे. सीमास्टर डायव्हर ३०० एम १९९३ साली आले आणि २०१८ साली त्याची आजची आवृत्ती आली. यंत्राच्या दृष्टीने तिघांत मला तेच सरस वाटते. त्यातले ८८०० हे यंत्र १५,००० गाउसपर्यंतच्या चुंबकत्वाला दाद देत नाही. आज फोनच्या कव्हरमध्ये, पर्सच्या बटणात आणि लॅपटॉपच्या झाकणात चुंबक आहे. यांत्रिक घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटे पुढे जाऊ लागले, तर बहुधा चुंबकच त्याला कारण असतो, त्यामुळे हा गुण रोजच्या वापरात कामाचा आहे. तबकडीवर लेझरने कोरलेल्या लाटा तर मी कितीही वेळ पाहू शकतो.

माझे अडले ते दहाच्या बाजूला असलेल्या हेलियमच्या झडपेवर. ती शोभेसाठी नाही, तिचे खरे काम आहे. पण ते काम कुणाचे, हे समजून घ्या. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, मुंबई हायच्या तेलक्षेत्रात, समुद्रतळाच्या वाहिन्यांवर काम करणारे सॅच्युरेशन डायव्हर जहाजावरच्या दाबाच्या कोठडीत दिवसचे दिवस राहतात आणि हेलियम मिसळलेली हवा श्वासात घेतात. हेलियमचे कण इतके सूक्ष्म असतात की ते सीलमधून घड्याळात शिरतात. पुढे कोठडीतला दाब कमी करताना ते त्याच वेगाने बाहेर पडू शकत नाहीत आणि आतल्या दाबाने काच उडू शकते. झडप आहे ती त्या माणसांसाठी. मी त्या कोठडीत कधीच जाणार नाही, आणि केसला पडलेले प्रत्येक जादा भोक म्हणजे सांभाळायचे आणखी एक सील, ही माझी कारखान्यातली सवय काही सुटत नाही. ओमेगाची झडप उत्तम बनवलेली आहे, तरीही मला ती नको होती.

सबमरीनरचा क्लास्प, म्हणजे पट्ट्याची कडी, मला तिघांत श्रेष्ठ वाटतो आणि याबाबत माझ्या मनात शंका नाही. ग्लाइडलॉक या त्याच्या रचनेमुळे पट्टा दोन-दोन मिलिमीटरने, एकूण सुमारे वीस मिलिमीटरपर्यंत, कोणत्याही हत्याराशिवाय सैल करता येतो. हे मुळात वेटसूटसाठी, म्हणजे पाणबुड्याच्या जाड रबरी पोशाखावरून घड्याळ बांधता यावे म्हणून, आहे, पण मे महिन्यात दुपारी मनगट सुजते आणि रात्री ओसरते, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. २०२० साली केस ४१ मिलिमीटरची झाली, यंत्र एकदा चावी भरली की ७० तास चालते आणि बेझलच्या सिरॅमिकवर सहजासहजी ओरखडा उठत नाही. ते मी घेतले नाही याचे कारण घड्याळात नाही, माझ्यात आहे. इतकी वाट पाहून मिळणारी आणि विकायला काढताच चढ्या भावाला जाऊ शकणारी वस्तू मी खाऱ्या पाण्यात, होडीच्या लोखंडी शिडीवर आपटण्यासाठी नेणार नाही, हे मला स्वतःबद्दल माहीत आहे. ज्यांना ती भीती वाटत नाही त्यांनी ते जरूर घ्यावे.

ब्लॅक बे फिफ्टी-एट २०१८ साली आले. नावातले अठ्ठावन्न हे १९५८चे, कारण त्या वर्षी ट्यूडरचे पहिले २०० मीटरचे घड्याळ निघाले. केस ३९ मिलिमीटरची, जाडी १२ मिलिमीटरच्या थोडी आत. माझे मनगट साडेसोळा सेंटिमीटरचे आहे. दुकानात सगळे केसचा व्यास सांगतात. तुम्ही मात्र पट्टा जिथे जोडतात त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचे अंतर विचारा. ब्लॅक बेचे ते साडेसत्तेचाळीस मिलिमीटरच्या आसपास, तर सीमास्टरचे जवळपास पन्नास. हे अडीच मिलिमीटर कागदावर क्षुल्लक वाटतात, पण सीमास्टरची टोके माझ्या मनगटाच्या कडांबाहेर लोंबकळत होती आणि ब्लॅक बे मनगटावर सपाट बसले. उणिवाही सांगतो. बेझलची पट्टी अॅल्युमिनियमची आहे, त्यामुळे तिच्यावर ओरखडे उठतात आणि माझ्या घड्याळाच्या पट्टीवर दोन उठले आहेत. पट्ट्यावरच्या रिव्हेट दिखाऊ आहेत. आणि माझ्या क्लास्पमध्ये रोलेक्ससारखी सोय नाही, म्हणून समुद्रावर जाताना मी त्याला कापडी पट्टा लावतो.

ज्यांना मुळात पाण्यातच वापरायचे आहे, त्यांनी ट्यूडरचेच पेलागोस ३९ पाहावे: टायटॅनियमचे, हलके, झडप नसलेले आणि क्लास्प हाताने सैल करता येणारे. ते २०२२ साली आले, तोवर माझे घड्याळ घेऊन झाले होते. फिफ्टी फॅदम्सचे म्हणाल तर ४५ मिलिमीटरची आवृत्ती माझ्या हातावर ताटलीसारखी दिसते. आता त्याची ४२ मिलिमीटरचीही आवृत्ती आली आहे आणि तिच्यासाठी माझी तजवीज सावकाश चालू आहे.

यांतले कोणतेही घेतलेत तरी वर्षातून एकदा त्याची प्रेशर टेस्ट करून घ्या आणि झाकण उघडले गेले की गॅस्केट बदलल्याची नोंद पावतीवर लिहून मागा. समुद्रातून आलात की किल्ली घट्ट आहे याची खात्री करून घड्याळ गोड्या पाण्यात धुवा आणि धुताना बेझल पूर्ण एक फेरा फिरवा, म्हणजे खालची वाळू आणि मीठ निघून जाईल.

आणखी एक गोष्ट खरेदीच्या दिवशी करा. मी दुकानात सीमास्टर आणि ब्लॅक बे शेजारी शेजारी ठेवून बोटे ओली करण्यासाठी थोडे पाणी मागितले. काउंटरमागच्या मुलीला ते विचित्र वाटले असावे, पण तिने पेला आणून दिला आणि घड्याळांखाली मऊ कापड पसरले. ओल्या अंगठ्याने आणि तर्जनीने मी आधी सीमास्टरचे बेझल धरले. त्याच्या कडेची नक्षी गुळगुळीत आणि लाटांसारखी आहे, बोटे दोनदा घसरली. ब्लॅक बेची कड जुन्या नाण्यासारखी खाचांची आहे. ते पहिल्याच प्रयत्नात फिरले, साठ खटक्यांत पूर्ण एक फेरा, आणि त्रिकोण पुन्हा बाराच्या खुणेवर नेमका येऊन थांबला. मी पावती करायला सांगितले.