मुसळ मारायचं नाही, सोडायचं: चेनजियागोऊत ताय्ची शिकताना

पहिल्या सकाळी शिफूंनी, म्हणजे गुरूंनी, एकच हालचाल दाखवली आणि ते दुसऱ्या विद्यार्थ्यांकडे वळले. तिचं नाव जिनगांग दाओद्वेई. जिनगांग म्हणजे वज्र, बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमध्ये गेलेला वज्रधारी रक्षक. दाओद्वेई म्हणजे उखळात कांडणं. उजवी मूठ वर जाते, तिच्याबरोबर गुडघा उचलला जातो, मग मूठ डाव्या तळहाताच्या उखळात पडते आणि त्याच क्षणी पाय जमिनीवर येतो. मी पहिले चार दिवस पाय आपटत राहिले. टाच दुखायची, आवाज कोरडा यायचा. पाचव्या दिवशी शिफूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, 'फांगसोंग' म्हणाले, म्हणजे सैल सोड, आणि मला आजी आठवली. पोहे कांडताना ती मुसळ कधी मारायची नाही. उचलायची आणि सोडून द्यायची, वजन आपलं काम करायचं. त्या संध्याकाळी माझा पाय पहिल्यांदा नीट पडला. आवाज खोल आला आणि टाचेला काहीच लागलं नाही.

चेनजियागोऊ हे हनान प्रांतातल्या वनश्येन तालुक्यातलं गाव, पीत नदीच्या उत्तरेला. नावाचा अर्थ चेन घराण्याची घळ. मिंग राजवटीच्या सुरुवातीला शान्शीहून आलेल्या चेन बू यांचे वंशज इथे वाढले आणि नवव्या पिढीतल्या चेन वांगतिंग यांनी सतराव्या शतकात इथल्या युद्धकलेला आकार दिला, असं गाव मानतं. जगभरच्या बागांमध्ये सकाळी दिसणारी संथ ताय्ची इथूनच निघाली. यांग लूछान चेन चांगशिंग यांच्याकडे शिकले, पुढे बीजिंगला गेले आणि त्यांच्या घराण्याची यांग शैली सगळीकडे पसरली. ते शिकले ते अंगण गावात जपून ठेवलंय. मूळ चेन शैली मात्र नुसती संथ नाही. तिच्यात मध्येच झटका येतो, उडी येते, पाय जमिनीवर पडतो.

कुंग-फूसाठी प्रसिद्ध शाओलिन मंदिराऐवजी इथे का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. शाओलिनला जरूर जा. 495 मध्ये ते मंदिर उभं राहिलं ते बातुओ या भारतीय भिक्षूसाठी, आणि तिथल्या एका दालनाच्या भिंतीवर सावळे आणि गोरे भिक्षू एकत्र सराव करताना रंगवलेत. मी त्या चित्रासमोर बराच वेळ उभी होते. पण तिथल्या देंगफंग शहरातल्या मोठ्या निवासी शाळा मुख्यतः मुलांसाठी आहेत, आणि तिथला व्यायाम उड्या आणि लाथांचा. पस्तिशी ओलांडलेल्या नवशिक्याने चेनजियागोऊच निवडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचा दिवस सहाला सुरू व्हायचा. आधी जानज्वांग, म्हणजे झाडाला मिठी मारल्यासारखे हात धरून निश्चल उभं राहायचं. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत मांड्या थरथरायला लागल्या, महिन्याअखेर पंचवीस मिनिटांपर्यंत पोचले. नाश्ता झाला की चानस्सजिन, रेशमाच्या कोषातून धागा उलगडावा तशी हाताची आणि कमरेची गोल फिरत. मग लाओजिया यीलू, म्हणजे जुन्या चौकटीचा पहिला क्रम. त्यात सत्तरच्या वर हालचाली आहेत आणि ते कांडण सुरुवातीला, मध्ये आणि शेवटीही येतं. दुपारी झोप सक्तीची म्हणावी इतकी सगळे झोपतात. तीनपासून पुन्हा सराव.

दुसऱ्या आठवड्यात माझा डावा गुडघा धरला. शेजारची विशीतली मुलं खाली बसतात म्हणून मीही बसत होते आणि वळताना कंबरेऐवजी गुडघाच पिळत होते. हे नीट वाचा, कारण इथून लवकर परत जाणाऱ्यांची तक्रार बहुतेकदा गुडघ्याचीच असते. वळायचं ते जांघेच्या खोबणीतून, तिला तिकडे क्वा म्हणतात. गुडघा पावलाच्या रेषेतच राहिला पाहिजे, आत झुकता कामा नये आणि बोटांच्या पुढे जाता कामा नये. दुखायला लागलं की उंच उभं राहून करा. शिफू याला कमी लेखत नाहीत, उलट मी उंच उभी राहिल्यावरच त्यांनी माझ्या चुका बारकाईने सांगायला सुरुवात केली. जायच्या तीन महिने आधीपासून रोज मांड्यांचा व्यायाम करा. आपल्या बैठका चालतील, पण सावकाश.

गुडघ्यासाठी तीन दिवस विश्रांती घेतली, तेव्हा मी गाव पाहिलं. ताय्चीचं संग्रहालय आणि चेन पूर्वजांचं मंदिर अर्ध्या दिवसात होतं. 1958 मध्ये उतारवयातले ताय्ची गुरू चेन जाओपी नोकरीचं गाव सोडून इथे परत आले आणि पोरांना शिकवत राहिले. पुढे जगभर ताय्ची नेणारे चेन श्याओवांग, चेन जंगलेई, वांग शीआन आणि जू त्यान्त्साय ही त्यांची शिष्य पिढी. एक माणूस परतला नसता तर मी ज्या अंगणात उभी होते तिथे कदाचित काहीच नसतं. गावात म्हण आहे: चेनगोऊचं पाणी प्यायलं की पाय वर उचलता येतो, बाकी काही येवो न येवो, जिनगांगचं कांडण येतंच. भाजीवाल्या आजींनीही मला ते करून दाखवलं, हातात कोथिंबिरीची जुडी धरून.

जेवणाचं सांगते. हा गव्हाचा मुलूख आहे. मानथोऊ नावाचे वाफवलेले पाव, नूडल्स, भाताची पेज. शाकाहारी असाल तर 'मांस, मासे, चरबी, मांसाचं पाणी काहीही नको' हे चिनीत लिहून फोनमध्ये फोटो करून ठेवा. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर चरबीत परतलेली भाजी येऊ शकते. मला आधार झाला तो वनश्येनच्या शानयाओचा. काठीसारखा लांब, कोनफळाच्या जातीतला कंद, नुसता वाफवून देतात. सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून सालीसकट उकडलेलाच घ्या. घरून मेतकूट नेलं होतं, मऊ पेजेवर ते रोज लागलं.

व्हिसा सगळ्यात आधी. राहण्याचे दिवस व्हिसावर लिहिलेले असतात, त्यात बसेल एवढंच शिक्षण ठरवा. दीर्घ अभ्यासाचा व्हिसा वेगळा असतो आणि त्यासाठी लागणारं पत्र प्रत्येक शाळेला देता येत नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी लेखी विचारा. हॉटेलबाहेर राहिलात तर 24 तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. शाळा ती करून देणार का, हेही विचारा. फी एकदम महिन्याची भरू नका. मी आधी एका दुसऱ्या शाळेत पूर्ण पैसे भरले होते. तिथे वर्ग एका वरिष्ठ विद्यार्थ्यावर सोपवलेला होता, आणि पैसे परत मिळाले नाहीत. पहिला आठवडा बघा, शिफू स्वतः रोज किती वेळ हात लावून दुरुस्त करतात ते मोजा, मग पुढचे भरा.

झेंगझोऊपर्यंत विमान किंवा जलद रेल्वे, तिथून गाडीने साधारण दीड-दोन तास. व्यवहार जवळजवळ सगळा फोनवर चालतो. निघण्याआधीच अलीपे या पेमेंट अॅपला आपलं कार्ड जोडून घ्या आणि थोडे रोख युआन जवळ ठेवा. व्हॉट्सअॅप आणि गूगल तिथल्या वायफायवर चालत नाहीत, भारतातूनच रोमिंग घेऊन गेलात तर चालतं. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर चांगले, फक्त 1 ऑक्टोबरनंतरचा सुट्टीचा आठवडा टाळा. जुलैचा उन्हाळा आपल्या विदर्भाची आठवण करून देतो आणि जानेवारीत पाणी गोठतं. बूट पातळ, सपाट तळाचे हवेत. जाड टाचेच्या बुटांत जमीन कळत नाही. ते गावातच मिळतात, पण मोठ्या मापाचे नाही.

महिन्यात माझा क्रमाचा जेमतेम तिसरा भाग झाला. बरोबरची एक मुलगी तेवढ्यात पूर्ण क्रम, तलवार आणि पंखा शिकून गेली. मला त्याचा हेवा वाटला नाही. शेवटच्या सकाळी शिफू पाठमोरे उभे राहून दुसऱ्याशी बोलत होते. माझा पाय पडला, आणि त्यांनी न वळता मान हलवली.