दुसऱ्याच्या पॉइंटवर गोव्याचा मुक्काम : बेळगावहून निघणाऱ्यांसाठी

संक्रांतीनंतर आम्ही दोन कुटुंबे बेळगावहून दक्षिण गोव्यात वार्का किनाऱ्याजवळच्या एका रिसॉर्टवर मुक्कामाला जाऊन आलो. हे रिसॉर्ट एका हॉलिडे क्लबचे आहे आणि आमच्यापैकी कोणीही त्या क्लबचा सभासद नाही. निपाणीच्या एका सभासद गृहस्थांचे त्या वर्षाचे पॉइंट, म्हणजे खोली राखून ठेवण्यासाठी क्लबकडून दरवर्षी मिळणारे गुण, वापराविना पडून होते. ते त्यांनी आम्हाला भाड्याने दिले आणि आमच्या नावाने खोल्या राखून ठेवल्या. मुक्काम उत्तम झाला. तरीही या वृत्तांतात समुद्रापेक्षा व्यवहाराविषयी अधिक लिहीत आहे, कारण परत आल्यापासून शहापूर, टिळकवाडी आणि खानापूर येथील परिचितांनी किनारा कसा होता हे फारसे विचारले नाही. पैसे आधी द्यावे लागतात का आणि समोरचा माणूस ऐनवेळी फिरला तर काय करायचे, हेच बहुतेकांनी विचारले.

असे पॉइंट आपल्या भागात सहज मिळतात, त्याला कारण आहे. भारतात स्टर्लिंगने १९८६ साली आणि महिंद्रा हॉलिडेजने १९९६ साली सुट्टीच्या सभासदत्वाचा व्यवसाय सुरू केला. एकरकमी किंवा हप्त्यांनी पैसे भरायचे, पुढे अनेक वर्षे दरवर्षी ठरावीक दिवस किंवा पॉइंट मिळवायचे आणि त्याखेरीज दरसाल वर्गणी भरायची, असा हा करार असतो. मुले लहान असताना ज्यांनी ही सभासदत्वे घेतली त्यांची मुले आता पुण्या-बंगळूरला किंवा परदेशी आहेत, गुडघे दुखतात म्हणून नवरा-बायको घाट उतरत नाहीत, आणि वर्गणीचे बिल मात्र दरवर्षी येते. ते बिल तरी निघावे म्हणून पॉइंट भाड्याने देणारा माणूस लबाड असण्याचे काहीच कारण नाही. आमच्या निपाणीच्या काकांची स्थिती नेमकी हीच होती.

या व्यवहारातील जोखीम कोठे आहे, हे आधी समजून घ्यावे. आपण पैसे देतो, आपल्या नावाचे बुकिंग होते, तरी ते बुकिंग राहते मालकाच्या खात्यात. ते रद्द करणे, त्यातील तारीख किंवा नाव बदलणे हे सर्व अधिकार आपण रिसेप्शनवर उभे राहून खोलीची चावी हातात घेईपर्यंत मालकाकडेच असतात. क्लबच्या दृष्टीने आपण सभासदाचे पाहुणे असतो. त्याहून अधिक कोणी नाही. बुकिंगात काही बिघाड झाला तर क्लब आपल्याशी बोलण्यास बांधील नसतो, तो सभासदाशी बोलतो. म्हणून माणूस चांगला आहे का, एवढ्यावरच न थांबता त्याचे खाते आज आणि आपल्या मुक्कामाच्या दिवशी चांगल्या स्थितीत असेल का, हेही विचारले पाहिजे. आपल्याकडे पहिला प्रश्न सगळे विचारतात. दुसरा जवळजवळ कोणीच विचारत नाही.

बेळगाव-निपाणी-चिकोडी पट्ट्यात व्यवहार ओळखीवर चालतात. माझ्या मामेभावाने काकांची गाठ घालून दिली, तेव्हा त्यांची तंबाखूची वखार, त्यांचे घर, त्यांचे पाहुणे ही सगळी माहिती पहिल्या पाच मिनिटांत मिळाली. या ओळखीचे मोल मी कमी लेखत नाही. माणूस कोण आहे, कोठे राहतो आणि अडचण आली तर त्याच्या दारात कोण जाऊन बसू शकतो, हे माहीत असणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि अनोळखी माणसाकडून ऑनलाइन पॉइंट घेणाऱ्याला ती मिळत नाही. परंतु ओळखीमुळे कागद टाळला जातो, तोही या व्यवहारातील एक धोकाच आहे. काका फोनवर म्हणाले, "काय ओ, आपल्या आपल्यात कागद कशाला?" मी त्यांना सांगितले, "काका, कागद तुमच्यासाठीही आहे. उद्या आमच्या पोरांनी खोलीतला टीव्ही फोडला तर बिल तुमच्या खात्यावर येईल." हे त्यांना लगेच पटले, आणि खरोखरच मालकाची बाजूही तितकीच उघडी असते, पाहुण्याने केलेले नुकसान किंवा न भरलेले जेवणाचे बिल शेवटी सभासदाच्या माथी येऊ शकते.

कागद म्हणजे स्टॅम्प पेपरच हवा असे नाही. आम्ही एक ईमेल लिहिला व त्याला काकांनी "मान्य आहे" असे उत्तर दिले. त्यात रिसॉर्टचे नाव, येण्या-जाण्याच्या तारखा, खोलीचा प्रकार, माणसांची संख्या, भाड्याची रक्कम, ती किती टप्प्यांत द्यायची, आमच्याकडून रद्द झाल्यास काय आणि त्यांच्याकडून किंवा क्लबकडून रद्द झाल्यास काय, एवढे स्पष्ट लिहिले होते. १८७२ च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही ग्राह्य धरला जाऊ शकतो, पण तो सिद्ध करणे कठीण असते. ईमेल तारखेसह जपलेला राहतो. त्याआधी काकांना सभासदत्वाच्या नियमपत्रिकेची प्रत पाठवायला सांगितली होती, कारण काही योजनांत पाहुण्याला पाठवता येते पण पैसे घेऊन देता येत नाही. विशेषतः आपल्या क्लबचे दिवस देऊन दुसऱ्या ठिकाणची खोली मिळवून देणाऱ्या आरसीआयसारख्या अदलाबदलीच्या संस्थेमार्फत मिळवलेली खोली भाड्याने देण्यास त्या संस्थेच्या नियमांत मनाई आहे. असे बुकिंग उघड झाल्यास रद्द होऊ शकते, म्हणून "ही खोली तुमच्या स्वतःच्या क्लबची आहे की अदलाबदलीतून घेतलेली?" हा प्रश्न मालकाला सरळ विचारावा.

यानंतर पडताळणी. मालकाने पाठवलेली पीडीएफ पुरेशी मानू नये. तीत नाव आणि तारीख बदलणे कोणालाही जमते. क्लबकडून आलेला मूळ ईमेल तसाच पुढे पाठवायला सांगावा आणि मग रिसॉर्टला स्वतः फोन करावा. तो नंबर मालकाच्या कागदावरून न घेता क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. रिसेप्शनवाले पुष्कळदा परक्या माणसाला बुकिंगची माहिती देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. अशा वेळी मालकाला त्याच फोनवर जोडून घ्यावे आणि त्याच्या समक्ष नाव, तारखा व खोल्या वाचून दाखवायला सांगावे. आम्ही असेच केले आणि दहा मिनिटांत शंका मिटली. ज्या मालकाला असा तिघांचा फोन नको असेल, त्याच्याशी व्यवहार करू नये.

नावाची बाब सीमाभागातील वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. आपल्या आधार कार्डावर नाव कन्नड आणि इंग्रजीत असते, आणि अनेकांच्या कार्डावर कर्नाटकातील पद्धतीने आद्याक्षर आणि नाव, किंवा नाव आणि मागे आद्याक्षर असे छापलेले असते. आपण मराठी माणसे मात्र कोणी विचारले की स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे सांगतो. काकांनी बुकिंगमध्ये माझ्या मेहुण्यांचे नाव तसेच पूर्ण लिहिले होते, तर त्यांच्या आधारवर आडनाव मुळीच नाही, गावाचे आद्याक्षर आहे. पक्के बुकिंग हाती आल्यावर आधार आणि ईमेल शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिले तेव्हा हे ध्यानात आले, आणि काकांनी त्याच दिवशी क्लबला कळवून नाव बदलून घेतले. मुलगी किंवा जावई परदेशी नागरिक असतील तर बुकिंगवर पासपोर्टवरचे नाव द्यावे आणि रिसॉर्टला आधी कळवावे, कारण परदेशी पाहुण्यांची नोंद त्यांना सरकारकडे वेगळी करावी लागते.

पैसे आम्ही टप्प्यांनी दिले. क्लबचा ईमेल आणि फोनवरील खात्री झाल्यानंतर निम्मे, निघण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा रिसॉर्टला विचारून आणखी काही, आणि उरलेले चावी हातात आल्यावर. सगळे पैसे शेवटी देऊ म्हणणे मालकावर अन्याय करणारे आहे, कारण आपण गेलो नाही तर त्याचे पॉइंट वाया जातात. सगळे आधी देणे आपल्यासाठी धोक्याचे आहे. रक्कम बँक खात्यावर, आणि ज्याच्या नावे सभासदत्व आहे त्याच्याच खात्यावर पाठवावी. "मुलाच्या नंबरवर टाका" किंवा "आमच्या एजंटला द्या" अशी सूचना आली तर तेथेच थांबावे. रोख दिलेच तर पावती घ्यावी.

प्रवासाविषयी थोडक्यात. आम्ही खानापूर, लोंढा, रामनगर आणि तिनईघाट करून अनमोडचा घाट उतरलो व मोले, फोंडा, बोरीचा पूल या मार्गाने मडगावला पोहोचलो. दक्षिण गोव्यासाठी हा मार्ग सोयीचा. उत्तर गोव्यात मुक्काम असेल तर जांबोटी-चोर्ला बरा. पावसाळ्यात दरडींमुळे दोन्ही घाटांची स्थिती निघण्यापूर्वी विचारून घ्यावी. रेल्वेने जाणाऱ्यांना लोंढा, कॅसलरॉक, कुळे मार्गे मडगावपर्यंत जाता येते. घाटात खोळंबा झाला आणि पोहोचायला रात्र होणार असेल तर रिसॉर्टला आणि मालकालाही फोन करावा. आलाच नाही अशी नोंद झाल्यास खोली जाते व पॉइंटही जातात.

रिसेप्शनवर जे घडले ते सविस्तर सांगणे आवश्यक आहे. तेथील तरुणाने आमची आधार कार्डे घेतली, संगणकात पाहिले आणि नम्रपणे सांगितले की बुकिंग आहे, परंतु सभासदाच्या खात्यावर नव्या वर्षाची वर्गणी थकीत दिसते, ती भरल्याशिवाय चावी देता येणार नाही. बुकिंग नोव्हेंबरमध्ये झाले होते आणि त्या वेळी खाते पूर्ण चुकते होते. जानेवारीत नवे बिल निघाले, आणि ज्या कार्डावरून ते आपोआप कापले जात असे त्या कार्डाची मुदत संपली होती. काकांना याची कल्पना नव्हती. मुले सामानावर बसली होती, काका फोनवर क्षमा मागत होते आणि त्यांच्या सूनबाई तिकडे नव्या कार्डाचे आकडे भरत होत्या. अर्ध्या तासाने संगणकावर रक्कम जमा दिसली आणि चावी मिळाली. काका फोनवर सापडले म्हणून हे निभावले. ते इस्पितळात असते किंवा विमानात असते, तर सज्जन माणसाशी केलेला व्यवहार असूनही आम्हाला मडगावात हॉटेल शोधत फिरावे लागले असते. म्हणून मालकाला वर्गणी भरली आहे का, असे मोघम न विचारता, आपल्या मुक्कामाच्या तारखेला लागू असणारी वर्गणी कधी देय होते हे विचारावे आणि तिची पावती पाहूनच पैशांचा दुसरा टप्पा द्यावा. मालकाच्या घरातील आणखी एका व्यक्तीचा नंबरही जवळ ठेवावा.

पॉइंटची मुदत हा दुसरा नाजूक विषय आहे. स्वस्तात मिळणारे पॉइंट बहुधा मुदत संपत आलेले असतात. तसे घेण्यात गैर काही नाही, पण ते बुकिंग रद्द करावे लागले तर पॉइंट परत येऊनही मेलेले असतात आणि मालक आपले पैसे कोठून परत करणार? अमेरिकेत डिस्नेने १९९१ साली सुरू केलेल्या पॉइंट योजनेत पॉइंट भाड्याने देणे-घेणे पुष्कळ चालते, आणि फ्लोरिडातील आमच्या नातलगांनी सांगितलेला तेथील नियम बोलका आहे: मुक्काम महिन्याभरावर आला असताना बुकिंग रद्द केले तर ते पॉइंट वेगळ्या खात्यात जातात आणि पुढे फक्त ६० दिवसांच्या आतल्या तारखांसाठीच वापरता येतात. आपल्याकडील प्रत्येक क्लबचे आकडे वेगळे असतील, परंतु मुदत आणि रद्द करण्याची शेवटची तारीख या दोन्ही गोष्टी लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

भाडे वाजवी आहे का, हे पाहण्याचा साधा हिशेब आहे. समजा मालक सात रात्रींसाठी २१,००० रुपये वर्गणी भरतो, तर एका रात्रीचा त्याचा खर्चच ३,००० रुपये झाला. मुदत संपत आलेली नसताना, नाताळ-नववर्षाच्या गर्दीत तीच खोली कोणी दीड हजाराला देत असेल, तर त्याच्याकडे खोली नसण्याचीच शक्यता अधिक. अशा अनोळखी माणसाने क्यूआर कोड पाठवून "आत्ता टाका, दुसरे गिऱ्हाईक थांबले आहे" असे म्हटले तर फोन ठेवावा. फसवणूक झालीच तर क्षणही न दवडता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे; रक्कम पुढे सरकण्यापूर्वी तक्रार गेली तर ती गोठवली जाण्याची शक्यता असते. नंतर दावा लावणे आपल्यासारख्यांना परवडत नाही: भाडेकरू बेळगावात, मालक कदाचित कोल्हापुरात, रिसॉर्ट गोव्यात, आणि क्लबशी आपला करारच नाही.

खोल्या स्वच्छ आणि मोठ्या होत्या, छोटे स्वयंपाकघरही होते. जेवण मात्र भाड्यात धरलेले नसते, आणि ठरलेल्या संख्येपेक्षा माणसे जास्त असतील तर जादा आकार पडतो. निघताना खोलीची तपासणी आपल्यासमोर करून घ्यावी, काही देणे बाकी नाही अशी पावती घ्यावी आणि तिचा फोटो मालकाला पाठवावा, म्हणजे त्याचेही मन निश्चिंत होते. काकांचे पुढील वर्षाचे पॉइंट अजून शिल्लक आहेत व त्यांनी नव्या कार्डाची नोंद क्लबकडे केल्याचे कळवले आहे. दिवाळीच्या सुट्टीतील तारखा हव्या असणाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वीच मालकाला गाठावे, कारण त्या दिवसांच्या खोल्या सर्वांत आधी संपतात.